प्रमाण शारीर स्थिती

मानवी शरीरातील कोणत्याही भागाची जागा सांगताना शरीर ज्या ठरावीक स्थितीत आहे असे मानले जाते, तिला प्रमाण शारीर स्थिती म्हणतात. वैद्यकाचे विद्यार्थी तिला ‘ॲनाटॉमिकल पोझिशन’ म्हणतात. या स्थितीत माणूस ताठ उभा असतो. चेहरा आणि नजर समोर, हात धडाच्या दोन्ही बाजूंना सरळ सोडलेले, तळहात पुढे, मळहात मागे, पावले जवळजवळ आणि त्यांची बोटे पुढे असतात.

रुग्ण पालथा असो, कुशीवर असो किंवा खुर्चीत बसलेला असो, वर्णन याच स्थितीला धरून होते. विच्छेदनाच्या टेबलावर देह उताणा असला, तरी डोके ‘वर’ आणि छाती ‘पुढे’च धरतात. अशी शिस्त नसती तर रुग्णाने कूस बदलताच त्याच्या जखमेचा पत्ता बदलला असता. डावे-उजवेही पाहणाऱ्याचे नव्हे, तर ज्याचे शरीर त्याचे. सीटी स्कॅनमधील आडवा छेद रुग्णाच्या पायांकडून पाहिल्यासारखा मांडण्याचा प्रघात आहे, त्यामुळे उजव्या बाजूचे यकृत पडद्यावर डावीकडे दिसते.

या स्थितीतली सर्वांत महत्त्वाची अट तळहातांची आहे. सहज उभ्या राहिलेल्या माणसाचे तळहात मांड्यांकडे वळलेले असतात. ते मुद्दाम पुढे वळवण्याचे कारण कोपर आणि मनगट यांच्या मधल्या दोन हाडांत सापडते. अंगठ्याच्या बाजूला रेडियस आणि करंगळीच्या बाजूला अल्ना. तळहात पुढे असताना ही हाडे समांतर राहतात. तो मागे फिरवला की रेडियस अल्नाला ओलांडते आणि दोघांची फुली होते. कोपर टेबलावर टेकवून दुसऱ्या हाताच्या बोटांनी मनगटाच्या थोडे अलीकडे धरावे आणि पंजा फिरवून पाहावा. कोपराच्या टोकापासून करंगळीच्या बाजूने येणारी अल्नाची कड फारशी हलत नाही, रेडियस मात्र तिच्याभोवती फिरताना स्पष्ट जाणवते. हाडे अशी फिरत असताना ‘आतली बाजू’, ‘बाहेरची बाजू’ या शब्दांना अर्थ राहत नाही, म्हणून तळहात पुढे बांधून टाकला आहे.

त्यामुळे हाताचा अंगठा बाहेरच्या बाजूला येतो, पायाचा मात्र आतल्या. गर्भावस्थेत हात आणि पाय यांचे अंकुर परस्परविरुद्ध दिशांना वळतात, त्याची ही खूण आहे.

शरीराचे डावे-उजवे, पुढचे-मागचे आणि वरचे-खालचे भाग पाडणारी सॅजिटल, कोरोनल आणि ट्रान्सव्हर्स ही तीन प्रतलेही याच स्थितीवरून आखतात. डोक्यासाठी वेगळा नियम आहे. डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या बाहेरच्या छिद्राची वरची कड एका आडव्या पातळीत असावी लागते. ही पातळी 1884 मध्ये फ्रँकफर्ट येथे ठरली आणि त्याच शहराच्या नावाने ओळखली जाते.

पशुवैद्यकात जनावर चारही पायांवर उभे आहे असे धरतात. म्हणून गाईच्या वर्णनात ‘वर-खाली’ऐवजी ‘डोक्याकडे’ आणि ‘शेपटीकडे’ अशा दिशा येतात.