लेणं खोदतात, देऊळ रचतात

पुण्याहून आलेल्या मावसभावाला सकाळी नाशिकची पांडवलेणी दाखवली आणि दुपारी सिन्नरचं गोंदेश्वराचं देऊळ. लेण्यात उभा राहून त्याने विचारलं, "हे बांधायला किती वर्षं लागली असतील रे?" आणि गोंदेश्वरच्या चौथऱ्यावर, "हे अख्खं एका दगडात कोरलंय का?" दोन्ही प्रश्नांची नेमकी अदलाबदल झाली होती. पण त्याला कशाला हसू? काळा दगड, अंधारा गाभारा आणि नक्षीचे खांब दिसले की आपणही 'पांडवांनी एका रात्रीत' नाहीतर 'हेमाडपंती' म्हणून मोकळे होतो.

लेण्यात बांधलेलं काहीच नसतं. डोंगरातला नको तेवढा दगड काढला, उरलं ते लेणं. त्यामुळे कामाची दिशाच उलटी. देवळाचा पाया आधी आणि कळस शेवटी, लेण्याचं छत आधी आणि जमीन शेवटी. पाथरवट छताच्या उंचीवर आत शिरायचा आणि उभं राहायच्या जागेचाच दगड फोडत खाली उतरायचा. परांची बांधायची गरजच नाही. मात्र खांबाच्या जागचा दगड चुकून उडाला, की तिथे खांब नाही तो नाहीच. देवळात असा चिरा बदलता तरी येतो.

खांब हीच तर गंमत आहे. घारापुरीला कित्येक खांब मधूनच तुटले, त्यांची डोकी छताला लटकून राहिली आणि छत काही पडलं नाही. कारण छत हा डोंगरच. पांडवलेण्यांतल्या ३ क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीखाली बघा. धिप्पाड यक्ष खांद्यावर तुळया पेलून बसलेत, चेहऱ्यावर केवढा भार, पण त्या तुळयांवर प्रत्यक्षात काहीच टेकलेलं नाही. लाकडी इमारतीची ती दगडातली नक्कल. १८ क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनागृहाच्या, कमानीतही लाकडी वाशांची टोकं अशीच हुबेहूब कोरली आहेत. ज्यांचे हात सुतारकामाला सरावले होते, त्यांनी दगडाला लाकडाची भाषा बोलायला लावली.

गोंदेश्वरचा खांब मात्र खरोखर कष्ट करतो. वरच्या तुळईचं, छताचं ओझं त्याच्या डोक्यावर आहे. सभामंडपात मान वर करून पाहिलं तर कळतं की तिथे कमान नाही. दगडाचा एकेक थर खालच्या थरापेक्षा थोडा पुढे सरकवत वर्तुळ लहान लहान केलंय आणि शेवटी मधलं तोंड बंद केलंय. सांधे कोरडे, दगड वजनावर बसलेला. भिंतीवरून नख फिरवलं तर काही सांध्यांत ते अडकतही नाही, आणि काही ठिकाणी बोट जाईल एवढी फट पडली आहे. लेण्यात अशी रेघ शोधून सापडणार नाही. तिथे दिसते ती खडकाची नैसर्गिक भेग.

वेरूळचं कैलास मात्र देऊळ आणि लेणं ही विभागणीच चकवतं. दिसायला देऊळ, करणीने लेणं. 'आजच्या मशिनलाही हे जमणार नाही' छापाचे फॉरवर्ड त्याच्याबद्दलच जास्त येतात. जमतं की! छिन्नी, हातोडा, माणसं, पैसा आणि वेळ हवा. टाकीचे घाव लेण्यांच्या न घासलेल्या भिंतींवर आजही दिसतात.

आता वयाचं. "दगड लॅबमध्ये द्या, कळेल," असं मावसभाऊ म्हणाला. दगड दिला तर उत्तर येईल साडेसहा कोटी वर्षं, कारण तेव्हा दख्खनचा लाव्हा थंड झाला. कार्बनची चाचणी कधीकाळी जिवंत असलेल्या वस्तूवरच चालते. लाकूड, हाड, कोळसा यांचं वय ती सांगेल, बेसाल्टचं नाही.

देवळाच्या बाबतीत आणखी एक घोळ होतो. क्षेत्र किती जुनं आणि इमारत किती जुनी, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्र्यंबकेश्वर प्राचीन, पण आज दिसते ती वास्तू नानासाहेब पेशव्यांनी १८व्या शतकात उभारायला घेतलेली. आणि 'हेमाडपंती' म्हणाल तर ज्याच्यावरून हे नाव पडलं तो हेमाद्री हा महादेव आणि रामदेवराव यादवांचा मंत्री, म्हणजे १३व्या शतकातला. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके ९८२चा आहे, म्हणजे इ.स. १०६०. हेमाद्रीच्या दोनशे वर्षं आधी! गोंदेश्वरही त्याच्या भूमिज शिखरावरून (छोट्या शिखरांच्या उभ्या ओळींनी रचलेलं शिखर) आणि कोरीवकामावरून ११व्या-१२व्या शतकातलं मानतात. शिवाय देवळाचा दगड फिरतो. पडक्या देवळाचे चिरे दुसरीकडे बसवले जातात, आणि लेखाचा चिराही तसाच हलू शकतो.

लेण्यातला लेख हलत नाही. तरी तोही सरळ बोलत नाही. पांडवलेण्यांच्या १९ क्रमांकात ब्राह्मीत कोरलंय की सातवाहन कुळातला कन्ह राजा असताना नाशिकच्या महामात्राने (मोठ्या अधिकाऱ्याने) 'लेण कारित', म्हणजे लेणं करवून घेतलं. दोन हजार वर्षांपूर्वीचा 'लेण' हा शब्द आपण अजून तसाच वापरतो, याचं मला दर वेळी अप्रूप वाटतं. पण साल नाही. ते अक्षरांच्या वळणावरून ठरवावं लागतं. १० क्रमांकात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात ४१, ४२, ४५ अशी वर्षं देतो, पण कुठल्या शकाची ते सांगत नाही, आणि अभ्यासकांचं त्यावरच जुंपलेलं आहे. आधी कोण आणि नंतर कोण, हे मात्र पक्कं. ३ क्रमांकातला लेख सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीला खखरात वंशाचा निःपात करणारा म्हणतो, आणि हा नहपानाचाच वंश. सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला १९०६ मध्ये नहपानाची तेरा हजारांवर नाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारला होता. लेख खडकात, साक्ष नाण्यात!

२० क्रमांकाने तर मावसभावाला पुरतं गोंधळवलं. तिथला लेख सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीच्या राजवटीच्या ७व्या वर्षाचा. बोपकी नावाच्या यतीने लेणं सुरू केलं, ते कित्येक वर्षं अपुरं पडून राहिलं, मग महासेनापती भवगोपाची बायको वासू हिने ते पुरं करून बौद्ध भिक्षूंच्या संघाला दिलं. पुढे तीनेकशे वर्षांनी कोणीतरी तेच लेणं आणखी आत खोदलं आणि गाभाऱ्यात बुद्धमूर्ती घडवली. वासूने दान दिलं तेव्हा तिथे मूर्ती नव्हती. आज आत पाऊल टाकलं की पहिली नजर त्या मूर्तीवरच जाते.