घरी काडतुसं भरायची आहेत? आधी परवान्याचं समजून घ्या

पुण्यात बालेवाडीच्या नेमबाजी रेंजवर नवा नेमबाज जरा रुळला की एक प्रश्न ठरलेला असतो. परदेशात लोक झाडलेल्या पुंगळ्यांत नवी दारू आणि गोळी घालून घरच्या घरी काडतुसं भरतात, मग आपण बंदुकीची कोणती दारू घ्यायची? आपल्याकडे मात्र दारूच्या आधी कायदा येतो.

शस्त्र अधिनियम, १९५९ मधली दारूगोळ्याची व्याख्या एकदा नीट वाचा. तयार काडतुसाबरोबरच बंदुकीत भरायचा बार, काडतुसाचे सुटे भाग आणि काडतूस बनवायची यंत्रंही तिच्यात येतात. म्हणजे टेबलाला आवळायची रीलोडिंग प्रेस, म्हणजे काडतुसं पुन्हा भरायचं हातयंत्रसुद्धा. काडतूस बनवणं हे कलम ५ खालचं उत्पादन आहे आणि त्याचा परवाना वेगळा असतो. रायफल बाळगायच्या परवान्यावर ते चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. प्रेस ऑनलाइन मागवायच्या फंदात पडू नका, ही कळकळीची विनंती.

बहुतेकांना तिची गरजही नसते. ५० मीटरला आपण .२२ बोअरची काडतुसं वापरतो. झाडलेली पुंगळी हातात घेऊन बघा: बुडाला मधोमध टोपी (दारू पेटवणारी छोटी कॅप) नाही, पेट घेणारा मसाला कडेतच भरलेला असतो आणि पिनेने ती कडा चेपलेली असते. ती पुन्हा भरता येत नाही. स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला ब्राँझ मिळवलं ते याच जातीच्या काडतुसावर. मधोमध टोपी असते ती .३१५ किंवा .३०-०६ सारख्या मोठ्या रायफलींच्या काडतुसांना. तिथे धोका दारूचाच. दोन प्रकारची बिनधुराची दारू नुसत्या डोळ्यांना सारखीच दिसू शकते. हळू जळणारीच्या मापाने जलद जळणारी पडली, तर रायफल चेहऱ्याजवळ फुटते.

आता रायफलच्या परवान्याचं. वय २१ पूर्ण हवं. अर्ज नमुना ए-१ मध्ये, गृह मंत्रालयाच्या शस्त्रपरवाना पोर्टलवर भरायचा. पुणे शहरात राहत असाल तर परवाना देणारे पोलीस आयुक्त. पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय २०१८ पासून वेगळं आहे, आणि ग्रामीण भागासाठी जिल्हाधिकारी. पत्ता कोणाच्या हद्दीत येतो हे आधी पाहा, नाहीतर हेलपाटा होतो. सोबत फोटो, जन्मतारखेचा, ओळखीचा आणि राहत्या पत्त्याचा पुरावा, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी, शारीरिक व मानसिक आरोग्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र आणि हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला. नेमबाजीसाठी मागताय, तर रायफल क्लबचं सदस्यत्व आणि स्पर्धांची प्रमाणपत्रं जरूर जोडा. 'कशासाठी हवं' याचं सर्वांत भक्कम उत्तर तेच असतं.

मग पोलीस ठाण्याकडून पडताळणी. अर्ज नाकारला तर सहसा कारणं लेखी नोंदवावी लागतात, आणि कलम १८ खाली अपील करता येतं. पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावर परवाना नाकारता येत नाही. हे अनेकांना माहीत नसतं आणि ते उगाच माघार घेतात.

परवाना ५ वर्षांचा. त्यावर काडतुसांचे रकाने असतात: एका वेळी किती बाळगायची, वर्षाला किती घ्यायची. परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यायची आणि प्रत्येक खरेदीची नोंद करून घ्यायची. सरावाला जास्त लागणार असतील, तर तो आकडा अर्जातच कारणासह मागा.