दार लावलंय की नुसतं लोटलंय?

मावसबहिणीची हळद. घर पाहुण्यांनी भरलेलं, अंगणात डीजे, आणि बायपोलर असलेला तिशीतला मुलगा आतल्या खोलीत. बाहेर कुजबूज सुरू: "परत सुरू झालं वाटतं याचं."

कधी ते खरं असतं, कधी सपशेल चूक. बायपोलर म्हणजे मनाला कधी नैराश्यात, तर कधी उन्मादात, म्हणजे बेफाम उत्साहात, नेणारा आजार. त्यात माणसांपासून बाजूला होण्याचे दोन प्रकार आहेत. एक आजारच करायला लावतो, दुसरा आजाराला आवर घालायला माणूस स्वतः करतो. बाहेरून दोन्हीकडे बंद दारच दिसतं.

पहिल्यात दार लावलेलं असतं. नैराश्याचा टप्पा म्हणायला डॉक्टर निदान दोन आठवड्यांची लक्षणं पाहतात. फोन वाजत राहतो. बोलायला नको असतं असं नाही, बोलायचं काय तेच सुचत नाही. आंघोळ टळते, जेवण टळतं. बायपोलरमध्ये त्यात लाजेची भर पडते. उन्मादाच्या दिवसांत घेतलेली उसनवारी, रात्री दोनला पाठवलेले मेसेज, भर कार्यक्रमात घातलेले वाद, हे सगळं आता आठवतं. ज्यांच्यासमोर घडलं तेच नेमके हळदीला आलेले असतात.

दुसऱ्यात दार नुसतं लोटलेलं असतं. तीन-चार तास झोपूनही ताजंतवानं वाटू लागलं, बोलण्याचा वेग वाढला, डोक्यात एकावर एक बेत शिजू लागले, की अनुभवी माणूस सावध होतो. अपुरी झोप हे उन्मादाचं लक्षण आहे आणि ठिणगीही. अशा वेळी जागरण, गोंगाट, गर्दी टाळणं म्हणजे माणूसघाणेपणा नव्हे. पथ्यच ते.

या पथ्यामागे नीट बांधलेली उपचारपद्धतीही आहे. पिट्सबर्गच्या एलन फ्रँक आणि सहकाऱ्यांनी औषधांच्या जोडीला दिनक्रमाची लय सांभाळणारे उपचार विकसित केले. त्यात रुग्ण रोज पाच वेळा टिपतो: अंथरुणातून उठण्याची, दिवसातल्या पहिल्या माणसाशी संपर्क येण्याची, काम सुरू करण्याची, संध्याकाळच्या जेवणाची आणि झोपायला जाण्याची. यातली दुसरी नोंद मला फार आवडते. म्हणजे माणसं वगळायची नाहीतच, त्यांची वेळ धरायची. सकाळी दूधवाल्याशी झालेले दोन शब्दही शरीराच्या घड्याळाला चावी देतात.

मग ओळखायचं कसं? "बाहेर कधी येशील?" एवढं विचारून बघा. दार लोटलेल्याकडे बहुधा उत्तर असतं: "हळदीला नको, लग्नाला सकाळी येतो, जेवून निघतो." लावलेल्याकडे "बघू" असतं, किंवा तेही नसतं. पण ही खूण अगदी पक्की समजू नका. "मी स्वतःला जपतोय" म्हणत म्हणत लोटलेलं दार नकळत लागतंही. आधी हळद, मग लग्न, मग रोजचा चहासुद्धा टळू लागला, तर ते पथ्य राहिलेलं नाही. डॉक्टरांना कळवावं.

घरच्यांनी करायच्या गोष्टी नेमक्या उलट आहेत. "चार माणसांत मिसळ, बरं वाटेल" हा सल्ला दार लोटलेल्याला घातक ठरू शकतो. त्याला दहाला झोपू द्यावं. दार लावलेल्याला मात्र एकटं सोडू नये. लग्नाला ओढून नेण्यापेक्षा कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत सोबत चालणं बरं, किंवा खोलीत नुसतं शेजारी बसणं. मरणाची भाषा आली तर "त्याला एकांत हवाय" म्हणून थांबू नये. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक अहोरात्र चालतो, आणि जीव धोक्यात वाटला तर थेट दवाखाना गाठावा.

यातलं काय कधी करायचं, हे बरं असतानाच त्याच्याशी बोलून ठेवावं. हळदीच्या रात्री मावशी विचारणारच. तिला "त्याला जागरण चालत नाही" एवढं सांगितलं तरी पुरतं. आजाराचं नाव घ्यायचं की नाही, ते त्याचं त्याने ठरवावं.