जमैकन संच: वापरण्याआधी वाचावे असे माहितीपत्रक

संचात पाच वस्तू आहेत: ॲकीचा डबा (540 ग्रॅम), खारवलेला कॉड मासा (250 ग्रॅम), सुकवलेले सॉरेल (100 ग्रॅम), अख्खे पिमेंटो (सर्वसुगंधीचे दाणे) आणि लाल राजमा. पाककृती सोप्या आहेत. पदार्थ फसतो तो बहुतेक वेळा पूर्वतयारीत, म्हणून इथे तिच्यावरच भर दिला आहे.

ॲकी आणि खारा मासा

हा जमैकाचा राष्ट्रीय पदार्थ, तिथे तो मुख्यतः न्याहारीला करतात. ॲकी हे झाडावरचे फळ. मूळ पश्चिम आफ्रिकेतले. फळ पिकले की लाल साल आपोआप उकलते आणि आत चकचकीत काळ्या बिया व त्यांना चिकटलेला पिवळसर गर दिसतो. फक्त हा गर खातात. कच्च्या गरात आणि बियांत हायपोग्लायसिन नावाचे विष असते. त्याने रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते आणि उलट्या सुरू होतात. उकळून ते पूर्ण जात नाही. अमेरिकेने 1973 मध्ये ॲकीची आयात बंद केली होती, ती 2000 मध्ये तपासणीच्या अटीवर पुन्हा सुरू झाली. त्यामुळे कधी ताजे फळ मिळाले आणि साल बळेच उघडावी लागत असेल, तर ते चक्क टाकून द्या. डब्यातला गर पिकलेला, स्वच्छ केलेला आणि शिजवलेला असतो.

मासा आदल्या रात्रीच गार पाण्यात भिजत घाला आणि पाणी दोन-तीनदा बदला. सकाळी नव्या पाण्यात 15 ते 20 मिनिटे उकळा, मग एक तुकडा चाखा. तोंड खारट झाले तर पुन्हा ताज्या पाण्यात उकळा. थोडा खारटपणा राहायलाच हवा, कारण पदार्थात वरून मीठ घालायचे नाही. काटे आणि साल काढून मासा हाताने मोकळा करा. याच्या जागी खारा बांगडा वापरू नका. त्याच्या तेलाने आणि वासाने ॲकीची सौम्य चव पार झाकली जाते.

कढईत दोन मोठे चमचे तेल तापवून एक कांदा, पातीचा कांदा, दोन लसूण पाकळ्या, थाइम (एक सुगंधी पाला) आणि बिया काढलेली थोडी स्कॉच बॉनेट मिरची परता. मग टोमॅटो आणि मासा घालून पाच मिनिटे परता. ॲकी चाळणीत निथळून अगदी शेवटी घाला आणि आच मंद करा. झारा कडेने खाली सरकवून एक-दोनदाच अलगद उलटा. नेहमीसारखे ढवळले की गराचा लगदा होतो आणि पदार्थ फसलेल्या भुर्जीसारखा दिसतो. तीन-चार मिनिटांत उतरवा, वर भरपूर मिरपूड घाला.

सोबत भाजलेला नीरफणस उत्तम. कोकणात ज्याचे काप करतात तेच हे फळ. ते 1793 मध्ये कॅप्टन विल्यम ब्लायने जमैकात आणले. (ॲकीचे शास्त्रीय नाव ‘ब्लायघिया’ त्याच्यावरूनच पडले.) तिथे ते अख्खे निखाऱ्यावर साल काळी होईपर्यंत भाजतात.

सॉरेल

सॉरेल म्हणजे आपली लाल अंबाडी. आपण पाला खातो, जमैकात बोंडावरच्या लाल, मांसल आवरणाचे नाताळचे सरबत करतात. 100 ग्रॅम सॉरेल एकदा झटपट धुऊन घ्या. 100 ग्रॅम आले ठेचा, आठ-दहा पिमेंटो आणि चार लवंगा घ्या. दोन लिटर पाणी उकळून गॅस बंद करा, सगळे त्यात घाला आणि झाकून 12 ते 24 तास ठेवा. भांडे स्टीलचे किंवा काचेचे हवे. ॲल्युमिनियमवर आंबट रसाची क्रिया होऊन चव धातूसारखी लागते आणि रंगही मरतो. गाळून 300 ग्रॅम साखर विरघळवा, मग चाखून वाढवा. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस छान राहते. मोठ्यांसाठी तिथे पांढरी रम घालतात. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असल्यास रोज पिण्याआधी डॉक्टरांना विचारा.

ताजी बोंडे मिळाली तर बी काढून टाका आणि वजन आठ-दहा पट घ्या.

राइस अँड पीज

नावात पीज असले तरी हा राजमा-भात, रविवारच्या जेवणातला. नाताळात राजम्याऐवजी गुंगो पीज, म्हणजे आपल्या तुरीचे दाणे, घालतात.

एक वाटी राजमा रात्रभर भिजवा, ते पाणी ओता. नव्या पाण्यात निदान 10 मिनिटे खळखळ उकळून मग मऊ शिजवा, किंवा कुकरला लावा. स्लो कुकरमध्ये कच्चा राजमा थेट टाकू नका: मंद आचेवर त्यातला विषारी घटक नष्ट होत नाही, पोट बिघडते. शिजल्यावर त्याच पाण्यात 400 मिली नारळाचे दूध, लसूण, पातीचा कांदा, थाइमच्या तीन काड्या, सहा-सात पिमेंटो आणि मीठ घाला. धुतलेला तांदूळ दोन वाट्या; पाणी आणि दूध मिळून साधारण चार वाट्या हवेत. वर एक अख्खी स्कॉच बॉनेट ठेवा आणि भात होताच देठाला धरून काढा. ती फुटली तर सगळे पातेले जहाल होते, म्हणून मधे ढवळू नका. ही मिरची न मिळाल्यास हाबानेरो चालते. लवंगी मिरचीने तिखटपणा येईल, फळासारखा वास येणार नाही.

पिमेंटो म्हणजे कोकणातल्या बागांत सर्वसुगंधी म्हणून लावतात तेच झाड. दाणे घट्ट बरणीत अख्खेच ठेवा आणि जर्क मसाल्यासाठी (भाजण्याआधी मांसाला चोळायचा तिखट जमैकन मसाला) लागतील तेवढेच ऐन वेळी कुटा. पुडीचा वास लवकर उडतो.