शालेय वास्तुरचना आणि बालसर्जनशीलता

शाळेची इमारत, वर्गांची मांडणी, उजेड, आवाज, पटांगण आणि भोवतालची झाडेझुडपे यांचा लहान मुलांच्या, विशेषतः तीन ते आठ या वयोगटातील मुलांच्या, कल्पक वृत्तीवर होणारा परिणाम. या वयातली सर्जनशीलता चित्रकला-हस्तकलेपुरती नसते. हाती आलेल्या वस्तूचा वेगळाच उपयोग करणे, मनाने खेळ रचणे, त्याचे नियम मध्येच बदलणे आणि ते सोबत्यांच्या गळी उतरवणे हे सारे तिच्यात येते. हा खेळ कुठवर रंगेल, हे बरेचसे जागेवर ठरते.

या विचाराची सुरुवात बागेपासून झाली. फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीतील बाड ब्लांकेनबुर्ग येथे बालशिक्षणसंस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे बालोद्यान, हे नाव दिले. त्यांच्या कल्पनेत प्रत्येक मुलाला बागेत स्वतःचा वाफा होता. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये उघडलेल्या बालगृहात टेबले-खुर्च्या मुलांच्या मापाच्या आणि त्यांना उचलता येतील इतक्या हलक्या केल्या. जमिनीला ठोकलेल्या बाकांच्या काळात ही मोठीच गोष्ट होती, कारण कुठे आणि कोणाजवळ बसायचे हे आता मूल ठरवू लागले. अमेरिकेतील विनेट्का येथील क्रो आयलंड शाळेत (१९४०) एलिएल व एरो सारिनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाराच्या मुठी आणि दिव्यांची बटणेही मुलांच्या हाताशी आणली.

मापाचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण तसा तो नाही. चार वर्षांच्या मुलाची उंची साधारण १०० सेंमी. असते. खिडकीखालची भिंत मोठ्यांच्या सोयीने ९० सेंमी. उंच बांधली, तर उभ्या मुलाला जेमतेम आभाळ दिसते. तीच भिंत ४० सेंमी. वर थांबवली आणि तिची कड थोडी रुंद ठेवली, की तिथे बसून मुंग्यांची रांग पाहता येते, खेळणी मांडता येतात, आतल्याला बाहेरच्याशी बोलता येते.

डच वास्तुकार हर्मन हर्ट्झबर्गर यांची डेल्फ्ट येथील माँटेसरी शाळा (१९६०–६६) या विषयातले सर्वांत बोलके उदाहरण म्हणावे लागेल. तिच्या मधल्या दालनात विटांचा एक चौकोनी कट्टा आहे. वाटेत आहे, हलवता येत नाही. मुले त्यावर बसतात, चढतात, पसारा मांडतात. त्याच्या पोटातले लाकडी भाग बाहेर ओढले की त्याचा रंगमंच होतो. बालवर्गाच्या दालनात याच्या नेमके उलट केले आहे : जमिनीत चौकोनी खळगा आणि त्यात गच्च बसवलेले सुटे लाकडी ठोकळे. ठोकळे बाहेर काढले की खळग्यात कोंडाळे करून बसता येते. ठोकळ्यांची आसने होतात, मनोरा होतो, आगगाडी होते. वास्तुकाराने वस्तू दिली, पण तिचे नाव मुलांवर सोपवले. सायमन निकल्सन यांनी १९७१ मध्ये मांडलेला ‘सुट्या भागां’चा सिद्धांतही हेच सांगतो : परिसरात हलवता, जोडता, मोडता येणाऱ्या गोष्टी जितक्या जास्त आणि जितक्या तऱ्हेच्या, तितका शोधाला वाव जास्त. लोखंडी घसरगुंडीचा खेळ ठरलेला असतो. वाळू, पाणी, फळ्या आणि दोऱ्या यांचा नसतो.

इटलीतील रेज्जो एमिलिया येथील बालशाळांनी परिसराला ‘तिसरा शिक्षक’ मानले. लोरिस मालागुत्सी यांच्या प्रेरणेने वाढलेल्या या शाळांत सर्वांना एकत्र आणणारा चौक आणि साहित्याने भरलेली कार्यशाळा असते. तोक्योजवळील ताचिकावा येथील फुजी बालवाडी (२००७) हे ताकाहारू व युई तेझुका यांचे काम. तिचे छप्पर लंबवर्तुळाकार वलयासारखे आहे, त्यावर मुले अखंड धावतात आणि जुनी मोठी झाडे छपरातूनच वर गेली आहेत. वर्गांना पक्क्या भिंती नाहीत.

सजावट आणि सर्जनशीलता यांची मात्र नेहमी गल्लत होते. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये २४ बालवर्गीय मुलांवर प्रयोग केला. तक्ते-चित्रांनी भरलेल्या वर्गात मुलांचे लक्ष अधिक विचलित झाले. धड्यावरच्या प्रश्नांची बरोबर उत्तरे तिथे ४२ टक्के, तर मोकळ्या भिंतींच्या वर्गात ५५ टक्के आली. सॅल्फर्ड विद्यापीठाने इंग्लंडमधील १५३ वर्गांच्या पाहणीत (२०१५) मुलांच्या प्रगतीतील सुमारे १६ टक्के तफावतीचा संबंध वर्गाच्या भौतिक रचनेशी जोडला. या दोन्ही अभ्यासांनी मोजले ते शिकणे. कल्पकता त्यांनी मोजलेली नाही, हे त्यांचा आधार घेताना विसरू नये. तरी बाजारातून आणलेल्या कार्टूनांनी भिंती रंगवून मुलाच्या स्वतःच्या चित्राला जागाच न ठेवणे हे, प्रस्तुत लेखकाच्या मते, उघड नुकसान आहे.

लहानग्यांना आडोसाही लागतो. शिक्षकाला वरून दिसेल, पण आत बसलेल्याला आपण एकटे आहोत असे वाटेल, अशा कोपऱ्यात नाटकी खेळ रंगतो. अनेक शाळांत जिन्याखाली अशी जागा तयारच असते आणि तिथे तुटकी बाके रचून ठेवलेली असतात.