इंजिन शीतलन प्रणाली व तिच्यातील बिघाडांचे निदान

मोटारगाडीच्या इंजिनात इंधन जळताना निर्माण होणारी, पण गाडी ओढण्याच्या कामी न येणारी उष्णता बाहेरच्या हवेत सोडून इंजिनाचे तापमान ठरावीक मर्यादेत राखणाऱ्या यंत्रणेला शीतलन प्रणाली म्हणतात. इंधनातील ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग प्रत्यक्ष कामी येतो, साधारण तेवढाच धुराबरोबर निघून जातो आणि उरलेला बव्हंशी शीतलकामार्फत, म्हणजे इंजिनात फिरणाऱ्या द्रवामार्फत, काढून घ्यावा लागतो. ज्वलनाच्या क्षणी सिलिंडरातील वायूंचे तापमान २,००० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. दट्टे (पिस्टन) व हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, मात्र ज्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचे असतात, ते ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि त्याची ताकद त्याच्या कितीतरी आधीच घटू लागते. म्हणून ही प्रणाली निकामी होऊनही गाडी तशीच दामटली, तर थोड्याच वेळात हेड वाकते, त्याच्याखालचा सांधा बंद ठेवणारे गॅस्केट जाते आणि अखेर दट्टे सिलिंडरात जाम होतात. यालाच गॅरेजमध्ये इंजिन सीझ होणे म्हणतात.

शीतलन म्हणजे इंजिन शक्य तितके थंड ठेवणे, हा समज चुकीचा आहे. बहुतेक इंजिने शीतलकाचे तापमान सुमारे ८५ ते १०५ अंशांच्या दरम्यान असताना सर्वांत चांगली चालतात. त्याहून थंड इंजिनात इंधनाची नीट वाफ होत नाही, ते सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून तेल पातळ करते आणि झीज वाढते.

रचना व कार्य : मोटारसायकलींमध्ये सिलिंडरवरील पंखांवरून वाहणारी हवा पुष्कळदा पुरेशी होते, परंतु मोटारी, ट्रक व ट्रॅक्टर यांत द्रवशीतलन रूढ आहे. विल्हेल्म मायबाख यांनी १९०० च्या सुमारास मर्सिडीज गाडीसाठी मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या जाळीचा रेडिएटर बनवला, तेव्हापासून थोड्या जागेत मोठा पृष्ठभाग हवेला देण्याचे तत्त्व पक्के झाले. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत प्रारंभीची थोडी वाहने सोडली तर पंपच नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते एवढ्यावरच तिचे अभिसरण चाले. आजच्या गाडीत हे काम वॉटर पंप करतो. तो शीतलक ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य भाग) व हेडमधील पोकळ्यांतून फिरवतो आणि तेथून शीतलक थर्मोस्टॅटपाशी येतो. थर्मोस्टॅटमध्ये मेणाची कुपी असते. साधारण ८२ ते ८८ अंशांना मेण वितळून फुगते व झडप उघडू लागते. तोवर शीतलक आडवाटेने पुन्हा पंपाकडेच जात राहतो आणि इंजिन लवकर तापते. झडप उघडली की शीतलक रेडिएटरच्या अरुंद नळ्यांतून उतरतो, नळ्यांमधल्या जाळीतून जाणारी हवा त्याची उष्णता घेते आणि तो खालच्या होज पाइपमधून पंपाकडे परततो. गाडी वेगात असताना ही हवा आपोआप मिळते. थांबलेल्या गाडीत ती पंख्यालाच ओढावी लागते.

रेडिएटरचे झाकण हा या प्रणालीतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. त्याची स्प्रिंग आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण एक बारने जास्त राखते, त्यामुळे द्रव उकळण्याचे तापमान वाढते. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंच असल्याने येथे उघड्या भांड्यातले पाणी १०० ऐवजी सुमारे ९८.५ अंशांनाच उकळते. तेच पाणी निम्म्या प्रमाणात कूलंट (पाण्यात मिसळायचे तयार द्रावण) मिसळून एक बार दाबाखाली ठेवले, तर १२० अंशांपलीकडेही उकळत नाही. झाकणाचे रबर कडक झाले की हे सारे अंतर नाहीसे होते आणि बाकी काहीही बिघडलेले नसताना गाडी रेडिएटरला जोडलेल्या जादा पाण्याच्या बाटलीतून पाणी फेकू लागते.

सोलापूर परिसरातील परिस्थिती : रेडिएटर किती उष्णता टाकू शकतो हे शीतलक आणि बाहेरची हवा यांच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. डिसेंबरातील २० अंशांच्या सकाळी ९५ अंशांच्या शीतलकाला ७५ अंशांचा फरक मिळतो, तर मे महिन्यात पारा ४३ वर असताना तो ५२ उरतो. म्हणजे तोच रेडिएटर सुमारे ३० टक्के कमी उष्णता टाकतो. त्यातच त्याच्यापुढे बसवलेला, एसीची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर येणारी हवा आणखी तापवून देतो. हिवाळ्यात अर्धवट चोंदलेला रेडिएटर निभावून जातो आणि पहिल्या कडक उन्हात गाडी गरम होते, याचे कारण हेच आहे. बिघाड त्या दिवशी झालेला नसतो. तो त्या दिवशी फक्त उघडा पडतो.

पुणे–हैदराबाद महामार्गावरील अवजड वाहतूक, आषाढीला पंढरपूरच्या रस्त्यांवर गोगलगायीच्या गतीने सरकणाऱ्या गाड्यांच्या रांगा आणि तुळजापूरचा घाट ही तीन ठिकाणे प्रणालीची वेगवेगळी परीक्षा घेतात. सर्वांत कठोर परीक्षा मात्र ऊस गाळपाच्या हंगामातील ट्रॅक्टरांची होते. दोन भरलेल्या ट्रॉल्या ओढताना इंजिनावर भार पूर्ण असतो, वेग अत्यल्प असल्याने समोरची हवा मिळत नाही आणि पाचटाचा भुगा व धूळ जाळीत बसून पंख्यानेही हवा ओढली जात नाही. अशा जाळीची सफाई आतल्या बाजूने, म्हणजे पंख्याकडून बाहेर, कमी दाबाच्या हवेने किंवा पाण्याने करावी. समोरून जोराचा फवारा मारल्यास कचरा अधिक खोल जातो आणि जाळीचे पातळ पंख दुमडतात.

शीतलक : या भागातील सर्वांत मोठा, आणि पूर्णपणे टाळता येण्याजोगा, प्रश्न पाण्याचा आहे. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार पुष्कळ असतात. तापलेल्या पृष्ठभागावर ते थरासारखे बसतात आणि हा थर धातूच्या मानाने उष्णतेचा फार मंद वाहक असल्याने पाणी फिरत असूनही धातू तापत राहतो. शिवाय क्षारयुक्त पाणी वीज वाहून नेते, त्यामुळे लोखंड, ॲल्युमिनियम व तांबे एकाच पाण्यात असताना ॲल्युमिनियम झपाट्याने गंजते. येथे पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर गंजरोधक द्रव्ये व वाढलेला उत्कलनांक हे आहे. डिस्टिल्ड वॉटर व इथिलीन ग्लायकॉलयुक्त कूलंट निम्मे-निम्मे मिसळणे बहुतेक गाड्यांना योग्य ठरते. रंग हे कूलंटच्या प्रकाराचे प्रमाण नव्हे, म्हणून गाडीच्या पुस्तिकेतील प्रकारच वापरावा व दोन प्रकार एकत्र करू नयेत. इथिलीन ग्लायकॉल गोड आणि विषारी असते. काढलेला कूलंट मुले व जनावरे पोहोचतील अशा ठिकाणी उघडा ठेवू नये.

निदान : गाडी गरम होणे हे लक्षण आहे, रोग नव्हे. निदानाचा पहिला प्रश्न ‘काय बदलायचे’ हा नसून ‘गाडी नेमकी केव्हा गरम होते’ हा असावा, कारण उष्णतेची वाट कोठे अडली आहे हे बहुधा त्याच उत्तरात असते. चौकात उभी असताना तापमानाचा काटा चढतो आणि गाडी वेग घेताच उतरतो, असे असेल तर दोष हवेच्या बाजूला असतो : पंखा, त्याचा फ्यूज, रिले किंवा तापमान संवेदक, अथवा इंजिनाच्या बळावर फिरणाऱ्या पंख्याचा पट्टा किंवा तापमानानुसार तो पंखा जोडणारा व्हिस्कस क्लच. बहुतेक गाड्यांत एसी लावताच विजेचा पंखा सुरू होतो. एसीवर पंखा फिरतो पण इंजिन तापल्यावर फिरत नाही, असे आढळल्यास मोटर चांगली असून संवेदक वा त्याची तार तपासावी. याउलट उभ्या गाडीत काटा ठीक, पण महामार्गावर किंवा घाटात चढत असेल, तर अभिसरण कमी पडत आहे. आतून चोंदलेला रेडिएटर, झिजलेला पंप, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट किंवा इंजिनाची गती वाढताच ओढीने आत चेपणारा खालचा होज पाइप यांपैकी एक कारण निघते. गाडी सुरू करून थोड्याच वेळात इंजिन तापले आणि रेडिएटर थंडच असला, तर थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकलेला असण्याची शक्यता मोठी असते. तो उघडा अडकल्यास इंजिन तापायलाच फार वेळ लागतो. नव्या गाड्यांत अशा वेळी स्कॅनरवर पी०१२८ हा संकेत येतो. ‘आपल्याकडे उष्णताच इतकी, थर्मोस्टॅट हवा कशाला’ म्हणून तो काढून टाकण्याची रीत अजूनही दिसते. तिने मूळ दोष काही काळ झाकला जातो, इंजिन मात्र कायम अर्धवट तापलेल्या अवस्थेत चालून इंधन जास्त खाते, म्हणून ती सोडून द्यायलाच हवी.

पातळी नेहमी थंड इंजिनावर पाहावी. तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडताच दाब सुटून पाण्याची एकदम वाफ होते आणि चेहरा व हात गंभीर भाजतात. काट्यावरही आंधळा विश्वास ठेवू नये : शीतलक इतका कमी झाला की संवेदक उघडा पडला, तर तो पाण्याऐवजी वाफेचे किंवा हवेचे तापमान दाखवतो आणि इंजिन भाजत असताना काटा खाली येऊ शकतो. वाटेत काटा चढल्यास एसी बंद करून, हीटर पूर्ण चालू करून (तोही शीतलकाची उष्णता काढून घेतो) गाडी बाजूला घ्यावी. पाणी सांडलेले दिसल्यास इंजिन त्वरित बंद करावे. तापलेल्या हेडवर किंवा रिकाम्या इंजिनात गार पाणी ओतू नये, त्याने धातूला तडा जातो.

पातळी उतरते पण गळती दिसत नाही, तेव्हा हातपंपाने झाकणावर लिहिलेल्या दाबाइतका दाब प्रणालीत भरून तो टिकतो का हे पाहतात. जोडांवरील वाळलेले पांढरे वा हिरवे डाग, पंपाच्या दांड्याखालील छोट्या छिद्रातून येणारा ओघळ आणि हीटरच्या गळतीने गाडीत पायाजवळ ओला झालेला गालिचा ही गळतीची नेहमीची ठिकाणे आहेत. कोठेच काही न सापडल्यास हेड गॅस्केटकडे वळावे. थंड इंजिन सुरू करताच वरचा होज पाइप कडक होणे, रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येणे, तापल्यावरही न थांबणारा पांढरा गोडसर वासाचा धूर आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर यांपैकी एखादेच चिन्ह पुरेसे नसते. पावसाळ्यात, केवळ जवळच्या अंतरावर चालणाऱ्या गाडीत असा थर बाष्पामुळेही येतो. खात्रीसाठी रेडिएटरच्या तोंडावरील हवा निळ्या रसायनातून ओढतात. ज्वलनातील कार्बन डायऑक्साइड आला असल्यास ते पिवळे पडते. ही चाचणी न करता हेड खोलणे म्हणजे ग्राहकाच्या पैशाने अंदाज बांधणे होय. हेड उतरवलेच, तर त्याची सपाटी मोजल्याशिवाय नवे गॅस्केट बसवू नये.

दुरुस्तीनंतर प्रणालीत हवा अडकून राहिली, तर नवे भाग बसवूनही गाडी तापते. त्यासाठी हीटर चालू ठेवून, गाडीचे तोंड थोडे उंच करून, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवत हवा बाहेर काढतात. त्यानंतर एसी लावून सलग चढावर गाडी चालवून पाहावी. सोलापुरात यासाठी तुळजापूरचा रस्ता सोयीचा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन थंड असताना पातळी पुन्हा तपासून लागेल तेवढा कूलंट भरावा.