दोन स्टीलच्या मधलं तिसरं स्टील

२०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी घरात शिरलं. ते ओसरल्यावर स्वयंपाकघरातल्या लोखंडी मांडणीला हात लावला की गंजाचे पापुद्रे सुटत. नवी मांडणी स्टेनलेसची आणि स्वतःच्या हातानं करायची, असं तेव्हाच ठरवलं. कुपवाडच्या रस्त्याला भंगारात पाइप, चौकोनी नळ्या, पत्र्याचे तुकडे किलोवर मिळाले. वेल्डिंगचा पहिलाच टाका पाइपच्या पायाशी लोखंडी पट्टीला मारला. वितळवून सांध्यात भरायचा रॉड स्टेनलेसचा, ३०८ (असे आकडे म्हणजे स्टेनलेसच्या प्रती). टाका दिसायला सुरेख होता, पण थंड होता होता बारीक ‘टक्’ असा आवाज आला आणि लोखंडाच्या कडेला केसाएवढी चीर उमटली.

चूक हाताची नव्हती, रॉडच्या निवडीची होती. वेल्डिंगच्या वितळलेल्या थेंबात एकटा रॉड नसतो, दोन्ही तुकड्यांच्या कडाही विरघळून त्यात मिसळतात. आर्गन वायूच्या आवरणात करायच्या वेल्डिंगमध्ये हा वाटा साधारण २० ते ४० टक्के असतो. ३० धरू, दोन्हीकडून १५-१५. ३०८च्या रॉडमध्ये क्रोमियम सुमारे २० टक्के आणि निकेल १०, ३०४च्या पाइपमध्ये १८ आणि ८, लोखंडात दोन्ही जवळजवळ शून्य. हिशेब केला तर टाक्यात क्रोमियम उरतं १६.७ आणि निकेल ८.२. वर लोखंडातला कार्बन आत आलेला. असं मिश्रण थंड होताना त्यात मार्टेन्साइट तयार होऊ शकतं. ही कडक, ठिसूळ रचना; तसा कडकपणा छिन्नीला हवा असतो, मांडणीच्या पायाला नाही. तोच हिशेब ३०९एल रॉडचा करा: क्रोमियम २४, निकेल १३. लोखंडानं पातळ केल्यावरही टाक्यात १९.५ आणि १०.३ राहतं, म्हणजे चांगलं स्टेनलेस. ३०९ रॉडमध्ये क्रोमियम-निकेल मुळात जास्त ठेवलेलं असतं ते यासाठीच.

म्हणून रॉड या तुकड्यासाठी की त्या तुकड्यासाठी, असं विचारून उपयोग नाही. मिसळून जे तिसरं स्टील होईल ते कसं हवं, हे आधी ठरवायचं. अँटन शेफलर यांनी १९४९मध्ये यासाठी नकाशासारखी एक आकृती दिली. आडव्या अक्षावर क्रोमियम व त्याच्यासारखं वागणारी मूलद्रव्यं, उभ्या अक्षावर निकेल व त्याचे साथीदार. आपलं मिश्रण कुठे पडतं ते पाहिलं की टाक्याचा स्वभाव कळतो. आजही वेल्डिंग शिकवताना ती समोर ठेवतात.

या नकाशात दुसऱ्या टोकालाही धोका आहे. टाका पूर्ण ऑस्टेनाइटचा (३०४ची नेहमीची, चुंबकाला न चिकटणारी रचना) झाला तर गंधक आणि फॉस्फरस शेवटी गोठणाऱ्या पातळ थरात साचतात, आणि आकसणारा धातू तो थर फाडतो. टाक्यात थोडं फेराइट (चुंबकाला चिकटणारी रचना) असलं की ते ही घाण स्वतःत जिरवून घेतं. ३०४ जोडायच्या रॉडमध्ये क्रोमियम १८ नसून २० ठेवतात, त्याचं एक कारण हेच.

माझ्या भंगारात ३०४ होतं, ३१६ होतं, २०२च्या चौकोनी नळ्या होत्या आणि एक ४३०चा पत्रा. पत्रा लोहचुंबकाला घट्ट चिकटला, म्हणून ओळखू आला. २०२ आणि ३०४ मात्र चुंबकानं वेगळे होत नाहीत. २०२मध्ये निकेल कमी आणि मँगनीज भरपूर असतं, त्यामुळे ते लवकर गंजतं. ३०४ला २०२ जोडायला ३०८एल चालतो. ३०४ला ३१६ जोडताना ३०८एल किंवा ३१६एल, दोन्ही चालतात. मीठ, लोणच्याचा खार असं काही लागणार असेल तर मी ३१६एलच घेईन, कारण ३१६मधलं २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम मिठानं पडणाऱ्या बारीक खड्ड्यांपासून वाचवतं आणि टाक्यात ते कमी पडू नये. ४३०ला ३०४ जोडायला ३०९एल, पण उष्णता जेमतेम द्यायची: जास्त तापलं की ४३०च्या धातूतले स्फटिककण फुगून पत्रा टाक्याशेजारी ठिसूळ होतो.

नावापुढचं ‘एल’ सोडू नका. त्याचा अर्थ कार्बन फार तर ०.०३ टक्के. जास्त असला तर ४५० ते ८५० अंश सेल्सिअसदरम्यान तो क्रोमियमला धरून बसतो, कणांच्या सीमेवरचं क्रोमियम संपतं, आणि गंज नेमका तिथून सुरू होतो.

स्टेनलेसच्या वेल्डिंगच्या धुरात क्रोमियमचं षट्‌संयुज हे घातक रूप असतं, म्हणून दार-खिडक्या उघड्या आणि धुराचा मास्क, हे ठरलेलं. लोखंडावर वापरलेला ब्रशही स्टीलला लावायचा नाही, त्याचे कण रुतून गंज धरतात.

पुढच्या रविवारी तीच लोखंडी पट्टी ३०९एलनं जोडली. आधी एक नमुना शेगड्यात (व्हाइसमध्ये) आवळला आणि हातोड्यानं काटकोनात वाकवला. पट्टी वाकली, पाइप चेपला, टाका उघडला नाही. मग उरलेले तीन पायही त्याच रॉडनं जोडले.